कुकरमामा

आमच्या धैर्यानं टीव्हीवर आधी साडी नेसली.
पहिले तीन आठवडे तेवढंच :
पदर अडकायचा, टोप निसटायचा, मिशी दिसायची,
लोक हसायचे.
आई म्हणाली, निऱ्या तरी नीट शिकवा म्हणावं पोराला.

मग तो पडायला लागला.
कुणीतरी खुर्ची मागं ओढायची
आणि ह्यानं बसायचं नसलेल्या खुर्चीत.
एकदा खरंच माकडहाड दुखावलं.
ते भागात ठेवलं. शिट्ट्या पडल्या.

मग कोट्या.
त्या आम्हाला कळायच्या आत मागचं हसू वाजून जायचं,
आपण रस्ता ओलांडेपर्यंत
बस पुढच्या चौकात पोचावी तसं.

मग त्याला विचारलं, तू कोल्हापूरचा ना? मग तसं बोल की.
तसं म्हणजे वाक्यागणिक रस्सा, मिनिटाला शड्डू,
'भावा' म्हणून डोळे वटारायचे.
गंगावेशीत असं कुणी बोलत नव्हतं.
आता कॉलेजची पोरं बोलतात.

आणि एका सोमवारी, जाहिरात संपली
आणि पडद्यावर अण्णा आले.

तोच खाकी सदरा, काजळीचा,
तेच स्टोव्ह-कुकर दुरुस्तीचं दुकान, पुठ्ठ्याचं.
गिऱ्हाईक म्हणतं, शिट्टी होत नाही.
अण्णा म्हणतात, "म्हंजे कसं, बघा..."
आणि चष्म्यासाठी खिसा चाचपतात. दोनदा.
चष्मा सापडतो, वाक्य हरवतं.
सोफ्यावरचे परीक्षक डोळे पुसत होते.

आमच्या घरात भाकरी मोडल्याचा आवाज आला.
अण्णांनी ती दुधात कुस्करली, वाटी संपवली,
मग म्हणाले,
"खिसा डावा हाय माझा. ह्यो उजवा चाचपतोय."

मी फोन लावला.
धैर्या म्हणाला, अक्का, कॅमेरा उजवीकडं असतो,
मुद्दाम उजव्या खिशाचा सदरा शिवलाय.
आवडलं का त्यांना?
मी म्हटलं, जेवले.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं.
"मामा, करा की ते."
शुक्रवार पेठेतली एक बाई
नवाकोरा कुकर घेऊन आली, काही न बिघडलेला.
अण्णा आधी नुसतेच वायसर बघत बसले.
मग थोडं केलं.
मग महिन्याभरात त्यांना थांबणं जमलं,
"म्हंजे कसं, बघा" च्या पुढचं ते थांबणं,
धैर्यापेक्षा अर्धा श्वास जास्त.
खरं सांगते, अण्णा भारी करायचे.
उजवीकडं खिसा नाही, म्हणून हात घसरायचा,
पोटावर येऊन टेकायचा,
आणि दुकानाबाहेर उभी असलेली रिक्षासुद्धा हसायची.

दिवाळीनंतर चॅनेलनं ते पात्र बंद केलं.
जुनं झालं म्हणाले.
आता धैर्या एका विसरभोळ्या भुताचं काम करतो.
दुकानात पुन्हा बिघडलेलेच कुकर येतात.

पण हात उजवीकडंच राहिला.
गिऱ्हाईक नसताना, दिवे गेल्यावर,
पहाटे आंघोळीआधी उघड्या छातीवरसुद्धा
अण्णा उजवीकडं चाचपतात
आणि चष्मा डावीकडं, हाताच्या एका वितीवर,
गप्प.
दोनदा त्यांनी चुकीची पिन बसवली.
एकदा चष्मा शोधायला मला कामावरून बोलावलं.

आई काही बोलली नाही.
जुन्या सदऱ्याचं कापड काढलं, मशीनवर बसली,
सगळ्या सदऱ्यांना उजवीकडं एकेक खिसा लावला.
रंग थोडा वेगळा आलाय.

परवा धैर्या आला दोन दिवस.
गल्लीतल्या पोरांबरोबर फोटो काढून झाले,
मग अंगणात दोरीवरचे सदरे बघत उभा राहिला,
पाच सदरे, दहा खिसे.
नेहमी तो लगेच काहीतरी बोलतो. बोलला नाही.
मग म्हणाला, "अण्णा, हे काय?"

अण्णा उंबऱ्यात बसले होते.
"म्हंजे कसं, बघ..." म्हणाले
आणि हात गेला.

आम्ही तिघं थांबलो.
हे करून दाखवणं होतं का खरंच शोधणं,
मला अजून कळलेलं नाही.
धैर्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, त्यालाही नसावं.
आत आईनं गॅस बारीक केला.